हजेरी आधीच झाली होती

हल्ली मला शिक्षकांच्या मेळाव्यांना बोलावतात. वय झालं की माणूस उद्घाटनाला चालतं. तिथल्या पत्रिकेवर 'शिक्षकांसाठी व्यावसायिक संधी' असं काहीतरी छापलेलं असतं आणि मला मनातल्या मनात हसू येतं. आमच्या वेळी ह्याला एवढं भारदस्त नाव नव्हतं. आम्ही नुसतं 'मंडळात जाणं' म्हणायचो. त्या मंडळानं आणि एका बाईंनी माझ्यातली मास्तरीण घडवली. त्या दोघांनाही मी एका दुपारी कसा दगा दिला, हे मात्र मी कुठल्याच मेळाव्यात बोललेले नाही. आता इथे लिहून टाकते.

मी गिरगावातली. चाळीतल्या दोन खोल्या, वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात पुस्तकी मराठी आणि नाकावर माशी बसू न देण्याची वडिलोपार्जित सवय. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली आणि 'तोवर' मला नोकरी करायची परवानगी दिली. ह्या 'तोवर'चा मला फार राग होता. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई सांगायची, "जातेय शाळेत, तोवर." जणू मी ट्रामची वाट बघत फुटपाथवर उभी होते.

नोकरी लालबागला मिळाली, एका खाजगी प्राथमिक शाळेत. खाली पिठाची गिरणी आणि वर शाळा, त्यामुळे मुलांच्या पाट्यांवर कायम पिठाची पातळ पुटं असायची. मी अनट्रेंड, म्हणजे शिक्षकी शिक्षण न घेतलेली. हेडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पहिला महिना शिकवू नका. पहिलीच्या बाईंच्या वर्गात मागे बसा आणि बघा." मला ते अपमानास्पद वाटलं. मॅट्रिकला मराठीत पहिली आलेली मी, आणि बसायचं पहिलीत!

पहिलीच्या बाई उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. मालवणकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या, नवरा गिरणीत. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, आणि त्यासुद्धा अनट्रेंडच. पण पहिलीचा तो वर्ग त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या. काही मुलांच्या आयासुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

मी मागच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि हजेरी सुरू झाली. बाईंच्या वर्गात नाव पुकारल्यावर मूल 'हजर' म्हणत नसे. उभं राहून घरची एक गोष्ट सांगत असे. "बाई, माजो बापूस रातपाळीक गेलो." "आमच्या मांजरान चार पिलां घातल्यान." "आजयेक ताप इलो हा." प्रत्येकाचं ऐकून झालं की बाई पेन्सिलीनं हजेरीपटावर खूण करायच्या. कुणाला एखादा प्रश्न विचारायच्या, कुणाला "मेल्या, काल पण ह्याच सांगितलंस" म्हणून दटावायच्या. सगळं झाल्यावर त्यांतली एक गोष्ट उचलून फळ्यावर लिहायच्या, पण पुस्तकातल्या मराठीत: 'मांजरीला चार पिल्ले झाली.' मग सगळा वर्ग ते वाक्य बोटानं दाखवत वाचायचा.

मी वडिलांचं जुनं घड्याळ मागून आणलं होतं. पंचवीस मिनिटं. हजेरीला पंचवीस मिनिटं! घरी जाऊन मी नक्कल करून दाखवली तेव्हा वडीलसुद्धा हसले. "मग शिकवतात कधी?" ते म्हणाले. मलाही तोच प्रश्न पडला होता.

महिनाभरानं हसू ओसरलं आणि मला त्या बाई आवडायला लागल्या. डब्यातली माशाची तुकडी मी खात नाही म्हणून त्या माझ्यासाठी वेगळी घावनं आणायच्या. माझा आवाज बसला की सुंठ-गूळ हातावर ठेवायच्या. मला दुसरीचा वर्ग मिळाल्यावरही मी रोज सकाळी दहा मिनिटं त्यांच्या दाराशी उभी राहून मुलांच्या बातम्या ऐकायची. पण तरी मनात मी त्याला गप्पाच म्हणत होते. गप्पा संपल्या की शिकवणं सुरू होतं, अशी माझी पक्की समजूत होती.

ह्याच सुमारास मी मंडळात जायला लागले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, परळपासून माझगावपर्यंतचे पन्नासेक शिक्षक जमायचे. कुणी तरी आपल्या वर्गाची मुलं घेऊन येऊन सगळ्यांसमोर पाठ द्यायचा. मंडळाची छोटी पेटी-लायब्ररी होती, हस्तलिखित मासिक होतं, पुठ्ठ्याची आणि चिंध्यांची शैक्षणिक साधनं करायला शिकवायचे. चहाच्या वेळी हटकून संयुक्त महाराष्ट्रावर वाद पेटायचा. भूगोलाचे एक मास्तर मुंबईचा नकाशा असा काही छातीशी धरायचे की वाटावं, त्यांच्या हातून तो कुणी हिसकावूनच नेणार आहे. मी एकोणीस वर्षांची होते आणि तिथे मला पहिल्यांदा कुणी 'बाई, आपलं मत काय?' असं विचारलं. घरी माझं मत फक्त भाजीबद्दल विचारलं जायचं. तिथून निघाले की मी दादरपासून परळपर्यंत उगीच चालत यायची, इतका आनंद अंगात मावत नसे.

मंडळाचा एक रिवाज होता. पाठ झाल्यावर चर्चा व्हायची. पाठ देणाऱ्यानं आधी उभं राहून स्वतःचे दोष सांगायचे, मग खाली बसून इतरांचं ऐकायचं. उलट उत्तर द्यायचं नाही. आणि पाठाआधी त्याचं टाचण सगळ्यांमध्ये फिरवायचं. टाचण म्हणजे पाठाचा लेखी आराखडा: ह्या रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, त्या रकान्यात मुलांचं अपेक्षित उत्तर, शेवटी फळ्यावर काय लिहायचं ते. माझी टाचणं सुरेख असायची. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीनं आखलेले.

वर्षातून एकदा हे मंडळ एका अनट्रेंड शिक्षकाची ट्रेनिंग कॉलेजसाठी शिफारस करायचं. मंडळाची शिफारस म्हणजे जागा मिळाल्यातच जमा, आणि शाळेला त्या शिक्षकाची नोकरी वर्षभर राखून ठेवावी लागे. माझ्या 'तोवर'मधून सुटायची ती एकच वाट आहे हे मला कळत होतं. पण माझी पाळी यायला अवकाश होता.

फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या चालकांनी एक ठराव केला. नव्या अनट्रेंड शिक्षकांना दोन वर्षांची मुदत, पण जुन्यांना नाही. जुन्यांनी म्हणे इतकी वर्षं काय केलं! जूनपासून पहिलीच्या बाईंचा वर्ग काढून घ्यायचा आणि त्यांना शिवणाच्या तासाला, नाहीतर दाखले लिहायला बसवायचं. हेडमास्तरांनी हे बाईंना माझ्यासमोरच सांगितलं.  वर्गात परत जाऊन बाई नुसत्याच ओल्या फडक्यानं स्वच्छ फळा पुन्हा पुसत राहिल्या. मला ते बघवेना.

मीच हेडमास्तरांकडे गेले. "ह्या वर्षी मंडळानं बाईंची शिफारस केली तर?" ते म्हणाले, "केली तर चालकांना नाही म्हणता येणार नाही. पण त्यांना तिथे पाठ द्यावा लागेल." बाईंना तयार करणं सोपं नव्हतं. "थंय शिकलेली माणसा जातत. मी थंय काय करतलंय?" त्या म्हणाल्या. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "तू येतलंस मां वांगडा?" मी सोबत येणार म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या.

टाचण अर्थातच मी लिहिलं. नारळावर वस्तुपाठ, पस्तीस मिनिटं, अठरा प्रश्न, अठरा अपेक्षित उत्तरं. बाईंना वाचून दाखवलं. त्या मान डोलवत ऐकत होत्या. "पहिला प्रश्न असा विचारायचा," मी म्हटलं. "ता थंय बघू," त्या म्हणाल्या, "हजेरी झाली की आपोआप कळात." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस असली की खालचं कुणाचं ऐकू येत नाही.

मार्चमधला तो शनिवार मला तासातासानं आठवतो. चोवीस मुलं घेऊन आम्ही लालबागहून ट्रामनं दादरला गेलो. अर्धीअधिक मुलं पहिल्यांदाच ट्राममध्ये बसली होती. उतरल्यावर एकीची चप्पल हरवली, दोघींना नळावर न्यायला हवं होतं म्हणून बाई त्यांना घेऊन गेल्या. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस आले. "पस्तीस मिनिटं म्हणजे पस्तीस. मागच्या वेळी फार लांबलं." मला वाटलं, वेळ वाचवावा. बाईंच्या पिशवीतून मी हजेरीपट काढला आणि अंगणातच हजेरी घेतली.

पहिलं नाव पुकारलं तशी ती मुलगी उभी राहून सांगायला लागली, "बाई, ट्राममदना आमका समुद्र दिसलो..." तिथून समुद्र कुठला दिसायला! पण तिला दिसला होता. मी म्हटलं, "पुरे, पुरे. नुसतं 'हजर' म्हण." दुसऱ्यानं तोंड उघडलं, त्यालाही तेच. तिसऱ्यापासून मुलं शहाणी झाली. हजर, हजर, हजर. दोन मिनिटांत चोवीस खुणा झाल्या, माझ्या निळ्या शाईच्या.

हॉल भरला होता. बाई समोर उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेतला, मुलांकडे बघून हसल्या आणि हजेरीपट उघडला. पेन्सिल हातात होती. मग त्यांना त्या खुणा दिसल्या. त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी मागून मोठ्या कौतुकानं मान हलवली. सगळं तयार आहे, सुरू करा, असं मी त्यांना खुणावलं.

त्यांनी पट मिटला. टेबलावर ठेवला. नारळ उचलला आणि माझं टाचण हातात धरून विचारलं, "मुलांनो, हे काय आहे?" "नारळ," सगळी एका सुरात म्हणाली. "नारळ कुठे येतो?" एक मुलगी म्हणाली, "देवळात." एरवी ह्या उत्तरावर बाईंनी अर्धा तास रंगवला असता. त्यांनी कागदाकडे पाहिलं. अपेक्षित उत्तर 'कोकणात' असं होतं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला आणि कोणीतरी हळूच "कोकणात" म्हटलं. असे अठरा प्रश्न झाले. काही चुकलं नाही. मुलं हाताची घडी घालून बसली होती आणि बाईंचा तो परका, पुस्तकी आवाज ऐकून एकमेकांकडे बघत होती.

चर्चेला बाई उभ्या राहिल्या. स्वतःचे दोष सांगायचे होते. त्या म्हणाल्या, "माझी हजेरी घ्यायची राहिली." बस्स, एवढंच. एक मास्तर समजुतीनं म्हणाले, "बाई, हजेरी पाठात धरत नाहीत." दोन-चार जण हसले, वाईट मनानं नव्हे. बाई खाली बसल्या आणि रिवाजाप्रमाणे गप्प राहिल्या.

 त्या एका वाक्यानं मला सगळं कळलं. त्यांचा पाठ हजेरीतच होता. मुलं जे घरून आणत त्यातूनच त्या अक्षर काढत, बेरीज काढत, नारळसुद्धा काढला असता. मी तो पाठ अंगणात संपवून टाकला होता. त्यांना बोलायची मनाई होती, मला नव्हती. मी उठून एक वाक्य म्हणायचं होतं.

पण चर्चा पुढे गेली. पाठ नीटनेटका झाला, पण त्यात विशेष काही नव्हतं, असं ठरलं. टाचणाचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. मंडळाचे अध्यक्ष काळी टोपी घालणारे म्हातारे मास्तर होते, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "टाचण कुणी लिहिलं?" बाईंनी बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट केलं. "ह्या मुलीनं. हुशार आहे ती." त्या दिवशी मंडळानं ट्रेनिंगसाठी शिफारस केली ती माझी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, नमस्कार केला आणि तोंडाला कुलूप घातलं. मला ती जागा हवी होती. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आजही मी दुसरं शोधत नाही.

घरी आईनं शेजारी साखर वाटली. वडील पहिल्यांदाच स्थळाचं बोलले नाहीत. "ट्रेनिंग झालेली मुलगी म्हणजे बरंच आहे," एवढं म्हणाले. सोमवारी बाईंनी माझ्यासाठी कोकणातनं आलेलं खाजं आणलं, पुडी माझ्या हातात दिली आणि गालावरून हात फिरवला. अंगणातल्या हजेरीबद्दल चकार शब्द नाही. मी ते खाजं मधल्या सुट्टीत मुलांना वाटून टाकलं.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. माझा वर्ग भरायच्या आधी त्या मला आपल्या वर्गात बोलवायच्या आणि हजेरी झाली की खडू माझ्या हातात द्यायच्या. "आज वाक्य तू निवड." जूनमध्ये वर्ग कुणाकडे जाणार ते ठाऊक नव्हतं, पण वर्षानं मी ट्रेनिंग करून परत आले की तो मला मिळावा असं त्यांच्या मनात होतं. मला निवडता यायचं नाही. मी फळ्यासमोर उभी राहायची आणि त्या मागून सांगायच्या, "ज्या सांगताना पोराचो आवाज बदललो, ता लिही." ज्या बाईचा वर्ग माझ्यामुळे गेला तीच मला तो चालवायला शिकवत होती. तिसऱ्या दिवशी मी खडू टाकून बाहेर जिन्यात जाऊन रडले.

एप्रिलच्या मंडळाला मी गेले ती ठरवून. त्या दिवशी सकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेऱ्या निघाल्या होत्या, दुकानं अर्धी बंद, पाठ द्यायला माझगावहून येणारे मास्तर मुलं घेऊन येऊच शकले नाहीत. वीस-बावीस जण जमले होते आणि काय करावं ह्याची चर्चा चालली होती. मी उठले. "गेल्या वेळचे दोष सांगायचे राहिलेत," मी म्हटलं. "पाठ बाईंचा नव्हता, माझा होता." मग ट्राम, अंगण, निळ्या खुणा, सगळं सांगितलं.  सांगून झाल्यावर कोणी हसलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे आम्ही त्या बाईंचा पाठ अजून पाहिलाच नाही?"

"नाही."

"मग सोमवारी सकाळी बघू. त्यांना सांगू नका."

सोमवारी ते आणि आणखी दोघं पहिलीच्या मागच्या बुटक्या बाकावर बसले. बाई क्षणभर गोंधळल्या, त्यांना नमस्कार केला आणि हजेरीपट उघडला. पाचवं-सहावं नाव एका मुलीचं होतं, एरवी बडबडी. ती उभी राहिली आणि बोलेचना. मग म्हणाली, "माज्या बाबाक काल धरून न्हेल्यानी." त्या दिवसांत सत्याग्रहात गेलेली माणसं अशी रोज कुठे ना कुठे धरली जात होती. पण वर्गातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. माझ्या टाचणात ह्याला रकाना नव्हता.

बाई तिच्याजवळ गेल्या. "जेवलो हुतो काय गो?"

"नाय. मगे आई डबो घेवन गेली."

"काय होता डब्यात?"

"भाकरी. नि सुकी सुंगटां."

"बरा झाला," बाई म्हणाल्या. "उपाशी नाय ऱ्हवलो." फळ्याकडे वळून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आई डबा घेऊन गेली.' सगळ्यांनी वाचलं. मग त्या मुलीनं एकटीनं वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि वाचून झाल्यावर ती नेहमीसारखी शेजारणीला ढकलून खाली बसली. अध्यक्षांनी वही उघडली होती, पण त्यांनी तीत काही लिहिलं नाही. ते टोपी काढून बसून राहिले होते.

जिन्यात ते मला म्हणाले, "शिफारस एकच असते. तुमचं नाव पाठवलेलं आहे. बदलायचं तर तुमच्या हातचं पत्र लागेल. मी आग्रह करत नाही."

मी लगेच लिहून दिलं असं सांगायला मला आवडलं असतं. मी दोन दिवस घेतले. दोन दिवस मी माझ्याशीच भांडले: मी तरुण आहे, त्यांचं वय झालंय, त्यांचं काय आता व्हायचंय. तिसऱ्या दिवशी पत्र दिलं आणि घरी सांगितलं. वडिलांचा पारा चढला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" ते म्हणाले. "मग आता काय? अशीच तात्पुरती पाट्या पुसत राहणार? गिरगावातलंच एक स्थळ आलेलं आहे. रविवारी त्यांना होकार कळवतो." आईनं माझी बाजू घेतली नाही. मी चिडून जेवले नाही, आणि त्यानं कुणाला काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी खोदून विचारलं तेव्हा स्थळाचं सांगावं लागलं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या दारात बाई उभ्या. लालबागहून गिरगावात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पत्ता विचारत विचारत तीन जिने चढल्या होत्या, धाप लागली होती. हातात हेडमास्तरांनी दिलेला कागद होता, शिफारशीचा, त्यांच्या नावाचा. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ वडिलांसमोर गेल्या आणि जमेल तेवढ्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "एक वर्ष थांबा. मी शिकून येते. तोपर्यंत माझा वर्ग ही सांभाळेल, हेडमास्तर हो म्हणालेत. मी आले की पुढच्या वर्षी ही जाईल. मंडळात मी तिच्यासाठी बोलेन. एक वर्ष तिचं लग्न करू नका."

वडिलांना कुणी असं दारात येऊन सांगितलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "आपण हिच्या कोण?"

"मी हिची बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात बसून शिकली आहे ही."

वडील माझ्याकडे वळले. मला कोणकोणत्या शिक्षकांनी शिकवलं ते त्यांना नावानिशी ठाऊक होतं, आणि त्या यादीत ह्या नऊवारीतल्या बाई नव्हत्या. मी म्हटलं, "हो." वडिलांनी चष्मा पुन्हा घातला. मग आईला म्हणाले, "बाईंना बसायला पाट दे. चहा कर." आणि बाईंना म्हणाले, "एक वर्ष. एकच."

त्यांना पोचवायला मी खाली गेले. जिन्यात त्या पुढे, मी मागे. शेवटच्या पायरीवर मला राहवलं नाही. "बाई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? हॉलमध्येच?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशीत म्हणून वाट बघलंय." त्या थांबल्या, पदरानं मान पुसली. "राग इलो होतो माका. लय. अजून आसा."

"मला माफ करा, बाई."

"माफ करूचंय नाय," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, आणि माझी वेणी खांद्यावरून मागे सारून नीट केली. "माफ केलंय तर इसारशीत."